धर्मादाय खाते आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व

व्यापाराने मिळविलेल्या धनात समाजाचा वाटा आहे, हा विचार आपल्या पेढ्यांस नवा नाही. घाऊक बाजारात गिऱ्हाइकाच्या बिलात धर्मादायाची ठराविक रक्कम लावण्याची चाल फार जुनी. ते पैसे निराळ्या खात्यावर जमा होत आणि पांजरपोळ, धर्मशाळा, पाठशाळा अशा कार्यास लागत. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. हे पैसे व्यापाऱ्याचे नव्हतेच. तो केवळ त्यांचा विश्वस्त. बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच मानले की, धर्मादायासाठी घेतलेली रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे.

मोठ्या कंपन्यांवर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने असेच बंधन घातले. फरक एवढाच की, येथे पैसा गिऱ्हाइकाचा नसून कंपनीच्या नफ्यातील आहे. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. मागील वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम शिक्षण, आरोग्य, पर्यावरण इत्यादी कार्यांवर खर्चावी. धोरण संचालक मंडळाने मंजूर करावयाचे आणि अहवालात त्याचा तपशील द्यावयाचा. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम कंपनीस स्वतःकडे ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाची असल्यास वेगळ्या बँक खात्यात, अन्यथा कायद्याने नेमलेल्या निधीत ती भरावी लागते.

कंपनी जेथे चालते त्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असेही कायदा सांगतो. आपल्या दादरा नगर हवेलीत त्याचा अर्थ उघड आहे. १९५४ साली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेल्या या वनप्रदेशात पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि वारली, कोकणा, धोडिया बांधवांच्या शेजारी उभे राहिले. भोवतालची गावे रोगी व अशिक्षित राहिली, तर कारखान्यास कुशल कामगार मिळणार कोठून? सबब हा खर्च उपकार नसून व्यवसायनीतीचाच भाग होय.

तथापि दोन टक्के दिल्याने उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा जाब चुकत नाही. ओढ्यात दूषित पाणी सोडून शाळेस बाके देणे आणि मापात पाप करून धर्मादाय भरणे, ही दोन्ही एकाच जातीची कृत्ये. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजनमाप आणि भेसळ या दोहोंची गणना आहे. आधी तराजू शुद्ध, मग दान.

आपल्यापैकी बहुतेकांस कलम १३५ लागू नाही. तरी त्यातील शिस्त घेण्याजोगी आहे :

१. समाजकार्याच्या रकमेचे खाते निराळे असावे.
२. खर्चाचा निर्णय एकट्या मालकाने न करता दोन-तीन जाणत्यांनी मिळून करावा.
३. वर्षअखेर हिशेब सर्वांस पाहावयास खुला ठेवावा.

येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वह्या मांडताना प्रत्येक सभासदाने हे खाते पहिल्या पानांतच उघडावे, ही नम्र विनंती.