घड्याळाची थरथर आणि तिच्यावरील उपाय

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. परंतु मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नाही. दोन्ही वेळांत ३९ मिनिटांचे अंतर होते. जवळजवळ अर्धशतक या शहरातील माणसे दोन घड्याळांचा हिशोब सांभाळीत राहिली, तरी व्यवहार ठप्प झाले नाहीत. कारण ते अंतर रोज तेवढेच होते. जी चूक नियमित असते, ती वजा करता येते. तेच अंतर एके दिवशी ३७ आणि दुसऱ्या दिवशी ४१ मिनिटे भरले असते, तर कोणतीही वजाबाकी उपयोगी पडली नसती. इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या ठोक्यांत जी अशी अनियमित मागेपुढे होणारी थरथर असते, तिला अभियंते ‘जिटर’ म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, येथे घड्याळ म्हणजे भिंतीवरचे यंत्र नव्हे. संगणक, मोबाइल, रेडिओग्राहक अशा प्रत्येक अंकीय उपकरणात ठरावीक अंतराने विद्युत स्पंद देणारा एक परिपथ असतो. त्यालाच ‘क्लॉक’ म्हणतात. मनगटी घड्याळातील क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. म्हणून ती पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो. एवढ्या कामात सूक्ष्म थरथर जाणवत नाही. परंतु वेगाने बदलणाऱ्या संकेताचे मूल्य ठराविक क्षणी टिपायचे असेल, तर क्षण चुकला की मूल्यही चुकते. संकेत जितका वेगवान, तितकी तीच थरथर अधिक घातक ठरते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या असून १६ अँटेना तीन भुजांवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. या तीसही अँटेनांचे संकेत एकत्र जुळवून एकाच प्रचंड दुर्बिणीचे काम साधले जाते.

हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीचे एक आवर्तन अवघ्या ७०० पिकोसेकंदांत पूर्ण होते. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एखाद्या अँटेनाचा ठोका ७० पिकोसेकंद सरकला, तर तिची लहर इतरांच्या तुलनेत एकदशांश आवर्तन, म्हणजे ३६ अंश, सरकते. तेवढ्या वेळात प्रकाश केवळ २ सेंटीमीटर जातो! तापमानामुळे हळूहळू होणारी सरक ज्ञात तेजस्वी स्रोताकडे दुर्बीण वळवून मोजता येते व वजा करता येते. ती ‘मुंबई वेळे’सारखी आहे. क्षणोक्षणी होणारी थरथर मात्र मुळातच कमी करावी लागते.

ती येते कोठून? पहिले कारण, दोलकाचा स्वतःचा उष्णताजन्य गोंगाट. त्यावर उपाय म्हणजे उत्तम प्रतीचा स्फटिक. दुसरे, अशुद्ध वीजपुरवठा. क्लॉकला स्वतंत्र नियंत्रक द्यावा आणि चिपच्या वीजपिनेला अगदी खेटून कपॅसिटर जोडावा. लांब तारेने जोडलेला कपॅसिटर फारसा उपयोगी पडत नाही. तिसरे, शेजारच्या तारांतून होणारा शिरकाव. म्हणून क्लॉकची वाट आखूड ठेवावी, तिच्याखाली अखंड ग्राउंड असावे आणि वाटेत अनावश्यक बफर नसावेत. चौथे, स्पंदाचा मंद चढ. एका नॅनोसेकंदात एक व्होल्ट चढणाऱ्या स्पंदावर एक मिलिव्होल्ट गोंगाट आला, तर ठोका एक पिकोसेकंद सरकतो. चढ दहापट मंद असेल, तर तोच गोंगाट ठोका दहा पिकोसेकंद सरकवतो.

यांपैकी आधी काय दुरुस्त करावे? येथे आपल्या ओळखीचे पायथागोरसचे सूत्र कामी येते. एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक थरथरींची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ३ आणि ४ पिकोसेकंदांची दोन कारणे मिळून ७ नव्हे, तर ५ पिकोसेकंद होतात. ३ चे कारण समूळ नाहीसे केले, तरी ४ उरतात. त्याउलट ४ चे कारण केवळ निम्मे केले, तर एकूण थरथर ३.६ वर येते. म्हणून सर्वांत मोठे कारण प्रथम शोधावे.

खोडदच्या मूळ रचनेत मध्यवर्ती केंद्रातील संदर्भसंकेत प्रकाशीय तंतूंतून प्रत्येक अँटेनाकडे जाई आणि तेथील दोलक त्याच्याशी जखडला जाई. या जखडबंदीला ‘फेज लॉक लूप’ म्हणतात. हा लूप संथ बदलांत संदर्भाचे अनुकरण करतो, तर त्याच्या मर्यादेपलीकडच्या जलद बदलांत स्थानिक दोलकावर विसंबतो. संदर्भ लांबून येताना गढूळ झाला असेल आणि स्थानिक दोलक शांत असेल, तर लूप अरुंद ठेवावा. दोलकच चंचल असेल, तर तो रुंद करावा. कोणाचे किती ऐकावे, हे मोजमापानेच ठरवावे लागते.

आपल्या शाळेतून जी मुलेमुली आयटीआय, पदविका वा अभियांत्रिकीकडे वळतील, त्यांनी एवढा धडा सोबत न्यावा. ऑसिलोस्कोपवर एका स्पंदाची कड स्थिर धरून त्यानंतरच्या शंभराव्या स्पंदाची कड पाहा. ती जाड दिसली, तर त्या जाडीत थरथर आहे. उपकरणाची स्वतःची थरथरही तीत मिसळलेली असते, हे विसरू नका. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. पुष्कळदा महागडा स्फटिक विकत घेण्यापूर्वी योग्य जागी जोडलेला साधा कपॅसिटरच काम भागवतो. ज्याच्याजवळ साधने मुबलक आहेत, त्याला अंदाजाने खर्च करणे परवडते. आपल्याला ते परवडत नाही. म्हणून आधी कारण शोधावे, मगच खिशाला हात घालावा.