छाती भरायच्या वयात

अगं सुमा, भाताच्या बांधावर मारायला आणलेली ती तणनाशकाची बाटली तांदळाच्या कणगीशेजारी ठेवू नकोस. दाजी ऐकत नसतील तर माझं नाव सांग. ग्लायफोसेट आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. काही देशांच्या सरकारी संस्थांना ते पटलेलं नाही, पण आपल्याकडेही २०२२ मध्ये ते कीडनियंत्रणवाल्यांकडूनच मारून घ्यायचा आदेश निघाला. मग पंप पाठीला लावून स्वतःच कशाला फवारायचं?

घाबरवत नाही हं तुला. एकदा वास आला म्हणून कुणाला कॅन्सर होत नाही. रसायन कुठलं, अंगात किती गेलं, किती वर्षं गेलं आणि कोणत्या वयात गेलं, यावर सगळं असतं. त्यातलं वय माझ्या मनातून जात नाही, कारण तुझी लेक आता बाराची आहे.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात बाळंतपणाच्या सुमारास घेतलेलं बायकांचं रक्त १९५९ पासून जपून ठेवलं होतं. पुढे त्यात डीडीटी तपासलं. ते फवारायला लागले तेव्हा ज्या चौदाच्या आतल्या होत्या, त्यांच्यापैकी ज्यांच्या रक्तात ते सगळ्यांत जास्त निघालं, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. तेव्हा मोठ्या असलेल्या बायकांत असं दिसलं नाही. छाती भरायच्या वयात पेशी भराभर वाढतात, तेव्हाचा घाव खोल जातो, असं तज्ज्ञ मानतात.

म्हणून फवारणीचे कपडे पोरीला धुवायला देऊ नकोस. हातमोजे घालून तूही वेगळ्या बादलीत धू, आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नकोस. रिकाम्या बाटलीत रॉकेलसुद्धा भरायचं नाही. राब भाजताना पालापाचोळ्यात पिशव्या आणि पाइपांचे तुकडे टाकतात ना, ते तर आधी बंद कर. पीव्हीसी जळलं की डायॉक्सिन तयार होतात. त्यातलं सगळ्यांत विषारी माणसाला कर्करोग करतं, हे १९९७ मध्येच ठरलंय. धूर विरला तरी ते मातीत राहतं.

आणि पिरंगुटच्या पार्लरमध्ये पोरीचे केस सरळ करून घ्यायचा बेत सोड. अमेरिकेत ज्यांच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला, अशा पन्नास हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा चाललाय. केस सरळ करायची औषधं कधीच न लावणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग शंभरात दीड-दोन जणींना, तर वारंवार लावणाऱ्यांत चार जणींना होईल, असा २०२२ चा त्यांचा हिशेब आहे. त्या मोठ्या बायका होत्या, मान्य. पण कोवळ्या पोरीवर कशाला करून बघायचं? मी येतेच आहे, तिची वेणी मी घालीन.