एक सभागृह, पाच वर्षं

विद्यार्थिनी : गुरुजी, जिल्हा परिषदेचे सदस्य एकदा निवडून आले की पाच वर्षं तेच राहतात ना?

गुरुजी : तसं असतंच असं नाही. आपल्या नंदुरबारचंच पाहा. 56 गट, म्हणजे 56 सदस्य. जानेवारी 2020 च्या निवडणुकीत भाजप 23, काँग्रेस 23, शिवसेना 7 आणि राष्ट्रवादी 3. बहुमताला 29 लागतात.

विद्यार्थिनी : मग सत्ता कोणाची?

गुरुजी : काँग्रेस-शिवसेनेची. सीमा वळवी अध्यक्ष झाल्या, शिवसेनेचे राम रघुवंशी उपाध्यक्ष. पण मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि इतर मागासवर्गाच्या, म्हणजे ओबीसींच्या, 11 जागा रिकाम्या झाल्या.

विद्यार्थिनी : निवडून आलेल्यांचं सदस्यत्व गेलं? का?

गुरुजी : ओबीसी आरक्षण धरून एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्या जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्याच 2011 च्या जनगणनेनुसार 69 टक्क्यांवर. त्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, त्यांना धक्का लागला नाही. ओबीसींच्या 11 जागा मात्र सर्वसाधारण झाल्या आणि ऑक्टोबर 2021 मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली.

विद्यार्थिनी : म्हणजे पुढेही अध्यक्ष सीमा वळवीच राहिल्या?

गुरुजी : अध्यक्षपदाची मुदत अडीच वर्षांची. ऑक्टोबर 2022 मध्ये भाजपच्या सुप्रिया गावित 31 विरुद्ध 25 मतांनी निवडून आल्या. सगळ्या सभागृहाची निवडणूक नव्याने झाली नव्हती. सदस्यांची साथ बदलली आणि सत्ता पालटली.

विद्यार्थिनी : यात आम्हा मतदारांचा काय संबंध? हे तर आतल्या आत ठरलं.

गुरुजी : संबंध आहे. अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावरची शाळा, आरोग्य केंद्र, गावचा रस्ता, सगळं याच सभागृहात ठरतं. आपल्या गटाच्या सदस्याने अध्यक्ष निवडताना हात कोणाच्या बाजूने वर केला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. जानेवारी 2025 मध्ये मुदत संपली, निवडणूक वेळेत झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तेव्हा तर विचारायला सदस्यही उरला नाही.

विद्यार्थिनी : मग आम्ही काय करायचं?

गुरुजी : मतदार यादीत नाव आहे का ते आधी पाहा. मत द्या, आणि मत दिल्यावर पाच वर्षं सदस्याला ग्रामसभेत बोलावून हिशेब मागा. निवडणुका वेळेवर व्हाव्यात, हा आग्रहही आपणच धरायला हवा.