छायाचित्रातील खुणा

मुलांनो, घरातील जुनी पेटी उघडली की कधी कधी एखादी पिवळी पडलेली तसवीर हाती येते. मराठीत तिला छायाचित्र म्हणतात. समजा, अशा एका छायाचित्रात मोडलेले लढाऊ विमान शेतात पडले आहे. त्याच्याभोवती चार-पाच माणसे उभी आहेत. मागे डोंगराची उंच रांग दिसते. छायाचित्राच्या पाठीवर उर्दूत एवढेच लिहिले आहे : 'धुलिया के करीब, जंग का जमाना, भर दोपहर.'

मग ठिकाण सापडले का? नाही. लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिले असेल किंवा कोणाकडून ऐकलेही असेल. त्याचा शब्द हा एक पुरावा आहे. दुसरा पुरावा आपण छायाचित्रातच शोधला पाहिजे. छायाचित्रात अनेक खुणा असतात. (लक्षात ठेवा, मराठीत 'खूण' म्हणजे निशाणी. उर्दूतील 'खून' हा शब्द वेगळा!)

पहिली खूण विमानावरच असते. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हात मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा होता. त्यामुळे आपलेच विमान शत्रूचे समजून पाडले जाण्याची भीती होती. म्हणून १९४३ पासून भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व भारतीय हवाई दलाच्या विमानांवरून तो लाल रंग काढून टाकण्यात आला. अशा चिन्हावरून छायाचित्राचा काळ कळतो. शेपटीजवळचा क्रमांक वाचता आला तर फारच उत्तम. त्यावरून हवाई दलाच्या नोंदीत ते विमान शोधता येते. अक्षरे उलटी दिसत असतील, तर छायाचित्र उलटे छापले गेले आहे असे समजा. मग डावीकडचा डोंगर उजवीकडे धरावा लागेल.

दुसरी खूण सावलीची. आपला खानदेश कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला आहे. मे महिन्याची अखेर ते जुलैचा मध्य एवढे दिवस सोडले, तर भर दुपारी आपल्याकडे सावली उत्तरेकडे पडते. आता छायाचित्रातील माणसांच्या सावल्या पाहा. त्या मागच्या डोंगराकडे गेल्या असतील, तर डोंगर उत्तरेला आहे. तापीच्या उत्तरेला सातपुडा आहे. म्हणजे शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या बाजूंचा विचार करावा लागेल. सावल्या डोंगराच्या उलट दिशेने गेल्या असतील, तर डोंगर दक्षिणेला आहे. मग धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला किंवा चाळीसगावकडील अजिंठ्याची रांग आठवावी. पाहा, एका सावलीने अर्धा जिल्हा गाळून टाकला!

तिसरी खूण माणसाने केलेल्या गोष्टींची. रूळ दिसतात का? भुसावळ-चाळीसगाव आणि चाळीसगाव-धुळे हे रुंद रुळांचे मार्ग. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी मात्र अरुंद रुळांवरून धावत असे. विहीर, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस हेही पाहावे. पण सावध राहा. झाडे तोडली जातात, पिके बदलतात. तापीवरचे हतनूर धरण त्या काळी नव्हते. डोंगराचा आकार मात्र सहसा बदलत नाही.

शेवटी छायाचित्र घेऊन त्या जागी जावे. जवळचा मिनार आणि दूरचे शिखर छायाचित्रात जसे एकामागे एक आहेत, तसेच दिसेपर्यंत सरकत जावे. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा सापडली. एकच जुळली, तर वहीत 'कदाचित' असे लिहावे. 'कदाचित' लिहिण्यात कमीपणा नाही.

तुम्ही विचाराल, "सर, एवढी मेहनत कशासाठी?" याचे उत्तर एका खऱ्या घटनेत आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. २७ जून १९१८ रोजी ते फ्रान्समध्ये गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना, जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. जर्मनांनी त्यांचे दफन केले. पण थडग्यावर नाव पडले 'वुमकर'! युद्ध संपल्यावर थडग्यांची नोंद ठेवणाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा १९२१ मध्ये हा 'वुमकर' म्हणजेच वेलिणकर असल्याचे पुढे आले. आज फ्रान्समधील हँगार्ड येथील दफनभूमीत त्यांच्या खऱ्या नावाची शिळा आहे.

जळगावकर, धुळेकर अशी नावे तुम्ही रोज ऐकता. मोडक्या नावातही तो 'कर' शिल्लक होता. त्या एका खुणेकडे कोणी पाहिलेच नसते, तर मुंबईचा मुलगा परक्या नावाखाली झोपून राहिला असता.

मोडलेल्या विमानात कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो. त्याच्या घरच्यांना 'कुठे?' हे विचारण्याचा हक्क आहे. म्हणून उत्तर देण्याची घाई करू नका. पण शोध सोडूही नका. आजच घरातील जुनी छायाचित्रे काढा. नाना-नानी, दादा-दादी यांना विचारा आणि प्रत्येकाच्या पाठीवर नाव, गाव, तारीख पेन्सिलीने लिहून ठेवा.

शब्दार्थ
खूण – निशाणी
पुरावा – सबूत
गस्त – पहारा देत फिरणे
रांग – ओळ
कदाचित – शायद

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विमानांवरील लाल रंग का काढून टाकण्यात आला?
(आ) थडग्यावर वेलिणकरांचे नाव कसे लिहिले गेले?
२. कारण लिहा : छायाचित्रातील झाडांपेक्षा डोंगरावर अधिक विश्वास ठेवावा.
३. उपक्रम : भर दुपारी शाळेच्या मैदानात काठी उभी करा. सावली कोणत्या दिशेला पडते ते पाहून पाच वाक्ये लिहा.