विद्येचे पाट

सह्याद्रीच्या माथ्यावर रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. अकोले तालुक्यात भंडारदरा येथे एका भव्य दगडी धरणाने तिला अडविले आहे. या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. त्यापूर्वी डोंगरावर धो धो कोसळणारा पाऊस नदीवाटे वाहून जाई आणि खालच्या पठारावरील शेतकरी मात्र आभाळाकडे डोळे लावून बसे. पाणी होते, जमीनही होती. परंतु दोहोंची गाठ पडत नव्हती. धरणाने पाणी साठविले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या पाटांनी ते शिवारात नेले. तेव्हा कोठे राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत उसाचे मळे डोलू लागले.

मनुष्याच्या बुद्धीचेही असेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर जिल्हा म्हणत असत त्या जिल्ह्यात, बुद्धिमान स्त्रियांची उणीव कधीच नव्हती. जामखेड तालुक्यातील चौंडी या लहानशा गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांनी देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. आपल्या काळातील राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण घ्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या या आदिवासी महिलेस शाळेची पायरी चढावयास मिळाली नाही; तरी गावरान बियाण्यांचे त्यांनी असे जतन केले की, भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ज्यांना शाळाच मिळाली नाही त्यांची बुद्धी एवढे करू शकते, तर त्या बुद्धीला विद्येचे पाणी मिळाल्यास केवढे पीक येईल! परंतु त्यासाठी पाट खोदावे लागतात.

या जिल्ह्यात स्त्रीशिक्षणाचा पाट फार पूर्वी खोदला गेला. सिंथिया फॅरार नावाची एक अमेरिकन मिशनरी स्त्री १८२७ साली मुंबईस आली आणि १८३९ साली नगरास येऊन राहिली. मुलींना अक्षरओळख करून देणे हे त्या काळी लोकांना विपरीत वाटे. तरीही १८६२ साली नगरातच देह ठेवीपर्यंत तिने मुलींच्या शाळा चालविल्या. या शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी स्वतः पाहिल्या होत्या आणि पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढताना त्यांच्यापुढे हे उदाहरण होते. सावित्रीबाई फुले यांनीही नगर येथे अध्यापनाचे धडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

अक्षरओळखीपासून पदवीपर्यंतची वाट मात्र लांब होती आणि अभियांत्रिकीची तर त्याहून बिकट. यंत्रे, पूल, धरणे, वीज ही सारी पुरुषांची क्षेत्रे असे सर्वांनी मनाशी धरूनच ठेवले होते. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात ए. ललिता या तरुणीने १९४० साली प्रवेश घेतला. अठराव्या वर्षी तिच्यावर वैधव्य कोसळले होते आणि कडेवर तान्ही मुलगी होती. १९४३ साली तिने विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पदवीधर हा पुरुषच असणार असे धरून पदवीपत्राचा मजकूर छापलेला होता. तिच्या पदवीपत्रावरील ‘तो’ हा शब्द खोडून तेथे ‘ती’ असे लिहावे लागले! पुढे भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या विद्युत कामातही तिने वाटा उचलला.

महाराष्ट्रातही अशी एक अभियंता होऊन गेली. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले आणि मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. त्यानंतर त्यांनी आपले पती अनिरुद्ध भगत यांच्यासह पोलादी पुलांची एक नवी पद्धत शोधून काढली. ठरावीक मापांचे लहान लहान भाग कारखान्यात तयार करावयाचे, ते दुर्गम जागी वाहून न्यावयाचे आणि तेथे जोडून पूल उभा करावयाचा, अशी ती युक्ती होती. या पद्धतीचा पहिला पूल १९७२ साली हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे झाला. जेथे अवजड यंत्रे पोहोचत नाहीत अशा डोंगरदऱ्यांतील माणसांना या पुलांनी वाट करून दिली.

या दोन्ही कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांत एक गोष्ट समान आहे. ललिता यांचे वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि शकुंतलाबाईंचे वडील नामांकित पूल-अभियंता होते. घरातच विद्या होती, पाठीवर पित्याचा हात होता. त्यांच्या कष्टांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण एक प्रश्न मात्र उभा राहतो. जिचे वडील कोरडवाहू शेतकरी आहेत किंवा ऊसतोडणी कामगार आहेत, त्या मुलीने काय करावे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे जवळचे महाविद्यालय. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याची चाके फिरू लागली. शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलातून उभारलेला कारखाना ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. साखरेच्या मागोमाग शाळा आल्या, वसतिगृहे आली, महाविद्यालये आली. १९८३ साली महाराष्ट्र शासनाने खासगी संस्थांना अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी या जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये निघाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तर कृषी अभियांत्रिकी त्याच्या कितीतरी आधीपासून शिकविली जात होती. पुण्या-मुंबईस मुलीला धाडावयास जो बाप धजत नव्हता, तो लोणीस किंवा कोपरगावास धाडण्याचा विचार तरी करू लागला.

महाविद्यालय जवळ आले, पण खर्च दूर झाला नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण खर्चाचे असते, कारण ते केवळ खडू-फळ्यावर होत नाही. कर्मशाळेत लेथ यंत्र लागते, जोडणीची व कानस-कामाची हत्यारे लागतात, भूमापनास थिओडोलाइट लागतो, प्रयोगशाळेत संगणक व विजेची उपकरणे लागतात. खासगी संस्थांत या खर्चाचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो.

पाथर्डी तालुक्यातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. पाऊस बेभरवशाचा, रान खडकाळ. दसरा सरला की आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीस बाहेर पडतात आणि मुले आजीपाशी राहतात. थोरली मुलगी बारावीस उत्तम गुण मिळविते, प्रवेश परीक्षेतही चमकते. तिच्या पाठीवरचा भाऊ दहावीत आहे. घरात पैसे एकाच्याच शिक्षणास पुरतील इतके आहेत. अशा वेळी ‘मुलगी परक्याचे धन’ ही जुनी म्हण कोणीतरी उच्चारतो, तिच्यासाठी आलेल्या स्थळाची गोष्ट निघते आणि तिच्या गुणपत्रिकेची घडी घालून ती पत्र्याच्या पेटीत ठेवली जाते. या घरात कोणी दुष्ट नसते. आईबापांची मुलीवर मायाही असते. उणीव असते ती पैशाची. आणि पैसा अपुरा पडला की बहुधा मुलीच्याच शिक्षणावर प्रथम पाणी सोडले जाते.

नेमक्या या ठिकाणी शिष्यवृत्ती उपयोगी पडते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ नावाची शिष्यवृत्ती तांत्रिक पदवी वा पदविका घेणाऱ्या मुलींसाठी आहे. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांहून अधिक नाही, अशा कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. गुणवत्तेनुसार निवडलेल्या मुलीस वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आणखी एक पाऊल पुढे टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला. पूर्वी ही सवलत निम्मीच होती. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेतच. वसतिगृहात राहणाऱ्यांस निर्वाहभत्ता देणारी एक योजना डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने चालते.

मात्र पाट खोदला म्हणजे पाणी आपोआप पिकाच्या मुळाशी जात नाही. दारे धरणारा शेतकरी रात्री-अपरात्री जागा राहतो तेव्हाच पीक भिजते. शिष्यवृत्तीचेही तसेच. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, आवश्यक तेथे जातीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, बँकेचे खाते आधार क्रमांकाशी जोडलेले असावे लागते, आणि अर्ज मुदतीच्या आत भरावा लागतो. कोणत्या दोन योजनांचा लाभ एकदम घेता येतो व कोणत्यांचा नाही, हे नियम नीट वाचावे लागतात. आईवडील ऊसतोडणीस परगावी गेलेले असताना एखादा दाखला राहून गेला, तर वर्षभराचे साहाय्य हातचे जाऊ शकते. म्हणून ज्या गावात शिक्षक, तलाठी किंवा आधी शिकलेली एखादी ताई हे अर्ज वेळेवर भरून घेते, त्या गावातील मुलींचे भाग्य मोठे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. शुल्क माफ झाले तरी खाणावळ, प्रवास, पुस्तके व कपडे यांचा खर्च उरतोच. पैशाने भरून न येणाऱ्या अडचणीही असतात. मराठी शाळेतून आलेल्या मुलीस पहिल्या वर्षी इंग्रजी पाठ्यपुस्तके दगडासारखी कठीण वाटतात. कर्मशाळेत प्रथम हातोडा उचलताना आजूबाजूचे हसतील काय, अशी भीती वाटते. ही भीती कोणतीही शिष्यवृत्ती दूर करू शकत नाही. ती दूर होते अभ्यासाने, मैत्रिणींच्या सोबतीने आणि ‘माझी मुलगी हे करील’ या घरच्यांच्या विश्वासाने.

शिष्यवृत्तीचा पैसा येतो कोठून? शासनाची तिजोरी म्हणजे जनतेने भरलेल्या करांची साठवण होय. दुकानातून काडेपेटी विकत घेणारा मजूरदेखील त्यात आपला वाटा घालीत असतो. म्हणून शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि भीक तर नव्हेच नव्हे. समाजाने विश्वासाने दिलेली ती ठेव आहे. ती घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र ती विसरून जाण्याचेही कारण नाही.

ही ठेव परत कशी करावयाची? तिची फेड रुपयांत मागितली जात नाही. उन्हातान्हात वाकून ऊस तोडणाऱ्या आईचे श्रम हलके करणारे यंत्र कसे असावे, हे त्या आईच्या लेकीइतके कोणास कळेल? हंडाभर पाण्यासाठी जिने मैलभर पायपीट केली, ती पाणीपुरवठ्याची योजना आखताना शेवटच्या वस्तीला विसरणार नाही. शिकून मोठी झालेली मुलगी गावातल्या दुसऱ्या मुलीचा हात धरते तेव्हाही त्या ठेवीचा एक हप्ता फिटतो.

भंडारदऱ्याच्या पाण्याने अर्धा जिल्हाही भिजला नाही; पाथर्डी-जामखेडची कितीतरी राने अजून कोरडी आहेत. विद्येच्या पाटाला मात्र चढ-उताराची अडचण नसते. तो डोंगर चढून कोंभाळण्यास जाऊ शकतो आणि माळ ओलांडून चौंडीसही पोहोचू शकतो. तो खोदण्याचे काम सिंथिया फॅरार व सावित्रीबाई यांच्या पिढीने सुरू केले. ते पुढे नेण्याचे काम आज शाळेच्या बाकांवर बसलेल्या मुलामुलींचे आहे.

शब्दार्थ

पाट – शेतीस पाणी नेणारा कालवा. शिवार – गावाभोवतालची शेतजमीन. वैधव्य – पती वारल्यानंतरची स्थिती. कर्मशाळा – हत्यारे व यंत्रे चालविण्यास शिकविण्याची जागा. उचल – कामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. दारे धरणे – पिकाच्या वाफ्यांत पाणी वळविणे. ठेव – विश्वासाने सोपविलेली वस्तू वा रक्कम.

स्वाध्याय

१. ‘पाणी होते, जमीनही होती, परंतु दोहोंची गाठ पडत नव्हती.’ हे वाक्य मुलींच्या शिक्षणास कसे लागू पडते?
२. ए. ललिता यांच्या पदवीपत्रात कोणता बदल करावा लागला? त्यावरून त्या काळच्या समजुतीविषयी काय कळते?
३. शकुंतला भगत यांच्या पुलांची पद्धत दुर्गम प्रदेशास का सोयीची होती?
४. शुल्क माफ झाल्यावरही विद्यार्थिनीपुढे कोणत्या अडचणी उरतात?
५. शिष्यवृत्तीस ‘ठेव’ का म्हटले आहे?
६. तुमच्या गावातील उच्च शिक्षण घेणाऱ्या एखाद्या ताईस भेटा व तिच्या शिक्षणाच्या वाटचालीविषयी दहा ओळी लिहा.