ओपलची भूमि आणि खडकांतील संसार



भूगोलाच्या तासास आम्ही ऑस्ट्रेलियांतील ओपल रत्नाच्या खाणींचें वर्णन करीत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, ज्या दिवशीं रत्न सांपडत नसे, त्या दिवशीं तेथील मुलें काय खात असत?" वर्ग हंसला, आम्ही मात्र निरुत्तर झालों. हा मुलगा दगडाच्या खाणींत रोजंदारीवर राबणाऱ्या मजुराचा आहे, हें आम्हांस मागाहून आठवलें. पुस्तकांत रत्नांची किंमत दिलेली असते. रिकाम्या दिवसांचा हिशेब दिलेला नसतो. म्हणून त्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतांत, ॲडलेड शहराच्या उत्तरेस सुमारें ८५० किलोमीटरांवर, कूबर पीडी नांवाचें गांव आहे. सभोंवार वृक्षहीन माळ पसरलेला, पाऊस अत्यल्प, आणि उन्हाळ्यांत उष्णता ४० अंशांच्याही वर जाते. १ फेब्रुवारी १९१५ रोजीं सोन्याच्या शोधार्थ निघालेली एक लहानशी टोळी येथें उतरली होती. जिम हचिसन व त्याचा १४ वर्षांचा मुलगा विली हे तींत होते. वडील मंडळी पाणी शोधावयास गेली. तळावर राहिलेला विलीही पाण्याच्याच शोधांत एकटा भटकत गेला. तो परतला, तेव्हां त्याच्याजवळ ओपलचे तुकडे होते. सोन्यासाठीं निघालेल्यांस असें रत्न सांपडलें, आणि तेंही पाणी शोधतांना!

‘ओपल’ या नांवाचें मूळ संस्कृत ‘उपल’, म्हणजे पाषाण, या शब्दांत असावें, असें पुष्कळ पंडित मानतात. हें रत्न सिलिका व पाणी यांच्या संयोगानें झालेलें असतें. त्याच्या पोटांत सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल शिस्तीनें रचलेले असतात व त्यांमधून जाणारा प्रकाश फुटून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. रत्नाच्या पोटांत पाणी आहे, परंतु तें खणणाऱ्याच्या घागरींत नाहीं, अशी त्या भूमीची स्थिति होती. पाणी दुरून आणावें लागे व तें मोजून वापरावें लागे.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर घरीं परतलेले अनेक सैनिक येथें आले. खंड ओलांडून जाणारा लोहमार्ग १९१७ सालीं पुरा झाल्यावर त्यावरील मजूरही आले. घर बांधावयास लांकूड नव्हतें. परंतु खंदकांत दिवस काढलेल्या सैनिकांस भूमीच्या पोटांत राहण्याचें भय कसलें? त्यांनीं टेकडीच्या कुशींत कुदळीनें खोल्या कोरल्या. बाहेर कितीही ऊन वा थंडी असो, आंतील हवा २३ ते २५ अंशांच्या आसपास राहते. फळ्या नकोत कीं विटा नकोत. भिंतींतच कोनाडे कोरावे, वाऱ्यासाठीं वरपर्यंत उभें भोंक पाडावें. कुटुंब वाढलें म्हणजे आणखी एक भिंत खणावी. घर वाढवितांना ओपल हातीं लागल्याचींही उदाहरणें आहेत! आजही तेथील सुमारें निम्मे रहिवासी अशाच घरांत राहतात.

येथें आपल्या देशाशींही एक नातें निघतें. १८६६ सालीं कराची बंदरांतून शंभराहून अधिक उंट व त्यांचे हांके दक्षिण ऑस्ट्रेलियांत उतरविण्यांत आले. कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. पुढें सिंध, बलुचिस्तान, पंजाब व अफगाणिस्तान येथून आणखी माणसें गेलीं. त्या सर्वांस तिकडे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. या उंटवाल्यांच्या तांड्यांनीं त्या खंडाच्या अंतर्भागांत पीठ, चहा व पाणी पोंचविलें. ओपलच्या माळावरही आरंभीं सामान उंटांच्याच पाठीवरून आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खाणवाल्यास दरमहा पगार नसे. जमिनीचा लहानसा तुकडा आंखून घ्यावा, कुदळ, फावडें व रहाट घेऊन विहिरीसारखें खणावें, आणि महिनेच्या महिने पांढरी मातीच वर काढावी. तोंवर दुकानदार उधार देई; कधीं एकजण शिधा पुरवी, दुसरा खणी, आणि मिळेल तें दोघे वांटून घेत. बायका व मुलें टाकून दिलेल्या मातीचे ढीग चाळीत. तिकडे त्यास ‘नूडलिंग’ म्हणतात. पुरुषाच्या नजरेंतून निसटलेला तुकडा आईच्या हातीं लागे व त्या दिवसाची चूल पेटे.

स्त्रिया केवळ चाळीतच बसल्या असें नाहीं. मिनी बेरिंग्टन ही इंग्लंडांत जन्मलेली टंकलेखिका १९२६ सालीं तेथें गेली व स्वतः खाण खणूं लागली; तिनें आपले अनुभव १९५८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पुढें जागतिक मंदींत ओपलचे भाव कोसळले व पुष्कळांनीं गांव सोडलें. १९४६ सालीं टॉटी ब्रायंट या आदिवासी स्त्रीस ‘आठ मैल’ नांवाच्या जागीं मौल्यवान ओपल सांपडलें, तेव्हां माणसांची पुनः रीघ लागली.

ही भूमि मूळची आदिवासींचीच. गांवास १९२० सालीं मिळालेलें नांव त्यांच्याच भाषेंतून आलेलें. त्याचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचें बीळ’ असा सांगतात. अंताकिरिंजा लोकांचा त्या प्रदेशावरील परंपरागत हक्क न्यायालयानें मान्य केला तो २०११ सालीं, म्हणजे विलीस ओपल सांपडल्यास ९६ वर्षें लोटल्यावर.

तेव्हां, बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें: त्या दिवशीं तेथील मुलें दुकानदाराच्या विश्वासावर, उंटवाल्याच्या पायपिटीवर आणि आईच्या चाळणीवर जगत असत. यांपैकीं कशाचीही किंमत जवाहिऱ्याच्या तराजूंत होत नाहीं. तुझा प्रश्न ऐकून जे हंसले, त्यांनीं आज घरीं जाऊन, आपल्या घरचे रिकामे दिवस कोणी निभावून नेले, एवढें विचारावें, असें आमचें त्यांस सांगणें आहे.