चित्रातून अभ्यास

(चित्र ही केवळ भिंतीवर लावण्याची वस्तू नाही. धडा आपल्याला किती समजला, हे चित्र काढताना आपले आपल्यालाच कळते. ते कसे, हे या पाठात जयगडच्या खाडीचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.)



परीक्षा जवळ आली की तुम्ही प्रश्नोत्तरे पाठ करता. मोठ्याने वाचता, दहादहा वेळा लिहिता. पेपर संपला की त्यातले बरेचसे विसरून जाता. मग काहींना वाटते, 'आपले डोकेच चालत नाही.' पण दोष डोक्याचा नसतो, अभ्यासाच्या रीतीचा असतो. आज एक वेगळी रीत पाहू. तिला एक पेन्सिल आणि एक कोरा कागद पुरतो.

माणूस लिहायला शिकला, त्याच्या कितीतरी आधी तो चित्रे काढू लागला. याचा पुरावा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. त्याची लांबी सुमारे १८ मीटर आहे. कोरणाऱ्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. तरी आपण हत्ती चटकन ओळखतो. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

चित्राचा हा गुण कोमेनियस नावाच्या युरोपातील एका शिक्षकाने ओळखला. त्याने १६५८ साली मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रातील प्रत्येक वस्तूला त्याने आकडा दिला आणि त्या आकड्यापुढे लॅटिन व जर्मन अशा दोन्ही भाषांतील शब्द छापले. मूल चित्र पाहून नवी भाषा शिकू लागले.

आपल्यालाही हेच करायचे आहे. आपल्यापैकी अनेक जण घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दूतून शिकतात आणि मराठी ही त्यानंतरची भाषा म्हणून वाचतात. उर्दू भूगोलात 'मद्द-ओ-जझर' हा शब्द येतो. मराठीत त्यालाच 'भरती-ओहोटी' म्हणतात. पण नुसता 'भरती' शब्द ऐकला तर पोलीस भरतीही आठवते! खाडीचे चित्र समोर असले की असा घोटाळा होत नाही.

आता शब्दाच्या पुढे जाऊ. शास्त्री नदी जयगडजवळ समुद्राला मिळते. दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला, पलीकडे तवसाळ. या खाडीत पाणी चढते आणि उतरते, हे तुम्ही लहानपणापासून पाहता. चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते, हे वाक्यही तुम्हांला पाठ आहे. मग पुस्तक मिटा आणि त्याचे चित्र काढा.

कागदाच्या मध्यभागी पृथ्वीचे वर्तुळ काढा. उजवीकडे चंद्र काढा. पृथ्वीभोवती पाण्याची रेघ ओढा. चंद्र पाणी ओढतो, म्हणून त्याच्या बाजूला पाण्याचा फुगवटा दाखवा. आता वर्तुळावर एक टिंब द्या. हे आपले जयगड. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून त्या टिंबावर बोट ठेवून वर्तुळावरून एक फेरी मारा. जयगड फुगवट्यात किती वेळा आले? एकदाच!

पण धक्क्यावर उभे राहिलात तर काय दिसते? बांधलेल्या होड्या सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा वर येतात. म्हणजे समुद्र बरोबर आणि चित्र अपुरे. वाक्य पाठ होते, तेव्हा ही उणीव दिसली नव्हती. चित्र काढले आणि ती उघडी पडली.

आता पुस्तक पुन्हा उघडा. चंद्राचे आकर्षण जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी असते. या फरकामुळे पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाणी फुगते. विरुद्ध बाजूला दुसरा फुगवटा काढा आणि बोट पुन्हा फिरवा. आता दोन भरत्या आल्या की नाही?

याच चित्रात सूर्यही काढा. अमावस्येला आणि पौर्णिमेला, म्हणजे चांदरातीच्या आसपास आणि चांद्र महिन्याच्या चौदा-पंधरा तारखेला, सूर्य, चंद्र व पृथ्वी साधारण एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती येते. उधाण आणि भांग हे शब्द दर्यावर जाणाऱ्यांना चांगले ठाऊक असतात. त्यांचे कारण आता तुमच्या कागदावर आहे.

तुम्ही म्हणाल, 'सर, मला चित्रकला येत नाही.' काळजी करू नका. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लोकांना काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले आणि काहींची झटपट चित्रे काढायला सांगितली. चित्रे काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले. त्यासाठी चित्र सुरेख असण्याची गरज पडली नाही.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी धडा वाचा. मग पुस्तक मिटून चित्र काढा. भागांना उर्दूत आणि मराठीत नावे द्या. शेवटी पुस्तकाशी ताडून पाहा. पुस्तकातले चित्र जसेच्या तसे उतरवू नका. त्याने हात चालतो, विचार चालत नाही. जिथे पेन्सिल अडते, तिथेच तुमचा खरा अभ्यास सुरू होतो.

शब्दार्थ
सडा – डोंगरमाथ्यावरील खडकाळ सपाट जागा
उणीव – कमतरता
उधाण – मोठी भरती
भांग – लहान भरती-ओहोटीचा काळ
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कशेळी येथे कोणता प्राणी कोरलेला आहे?
(आ) जयगडजवळ कोणती नदी समुद्राला मिळते?
२. पहिले चित्र अपुरे आहे, हे कशावरून कळले?
३. उधाण केव्हा व का येते?

उपक्रम : विज्ञानाच्या पुस्तकातील एक धडा निवडा. पुस्तक मिटून त्याचे चित्र काढा. चित्रातील भागांना उर्दूत व मराठीत नावे द्या.